ह्यांचं घोरणं

४ नोव्हेंबर, सोमवार

तर सगळ्यांत आधी आली ती शिवणवाली. गळ्यात मोजपट्टी तशीच, ओठांत दोन टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतूनच विचारते, आलं का मशीन. तिचा पलंग आमच्या भिंतीला लागून, त्यामुळे ह्यांच्या घोरण्याचा अर्धा वाटा तिच्या पदरात जातो, तेव्हा पहिला मान तिचा. तिच्यामागून खालच्या मजल्यावरचा दाढीवाला आला. तो का आला ते कळलं नाही, चहा पिऊन गेला. मग तिसऱ्या मजल्यावरची ती, जिची सून परत माहेरी गेली. पण ती गोष्ट वेगळी आहे, ती लिहायला बसले तर मशीन राहील.

मशीन छान आहे. पाव ठेवायच्या डब्याएवढं, पुढे हिरवा दिवा, मागे पाण्याची टाकी आणि एक लांब नळी. नळीच्या टोकाला मास्क. मुलाने पाठवलं. शिवणवाली म्हणाली, तुमच्या नवऱ्याचं नशीब थोर, आजी, पोरगा एवढं करतो. मी म्हटलं, पोरगा करतो ते दिसतं, बायको इतकी वर्षं कानावर उशी घेऊन झोपली ते कुणाला दिसत नाही.

मशीनवाल्याने ह्यांना खुर्चीत बसवून मास्क चढवला. सोंड फुटलेला माणूस अगदी. सगळ्यांनी हसून घेतलं. हे पण आतून हसले, तो आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. मग मशीनवाल्याने समजावून सांगितलं. झोपेत ह्यांचा घसा आतून मिटतो म्हणे, श्वास थांबतो, मग जीव दचकतो आणि पुन्हा घोरणं सुरू. तासाला तीस-तीस वेळा. सकाळी डोकं जड, दिवसा पेंगणं, पुढे विसराळूपणा, डोक्यावर परिणाम. आणि एखाद्या रात्री थांबलेला श्वास सुरूच झाला नाही तर, असं म्हणून तो नळी पुसायला लागला. मशीन हवा आत ढकलत राहतं, घसा मिटू देत नाही.

हे ऐकताना ह्यांचा चेहरा उतरला. सारखे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, अहो घाबरता कशाला, मी आहे ना.

आजपासून ह्या घरात शांतता. ही डायरी माझ्या नातीने, चिमणीने, मला वर्षाच्या सुरुवातीला दिली होती, ती दहा महिने कोरी राहिली. आता रोज लिहायचं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण लिहिणं म्हणजे तरी काय, न थांबता बोलणंच ते.

५ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

घोरले.

मशीन लावून घोरले. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आवाजानेच मला जाग आली, केवढा मोठा, करवत चालावी तसा. डोळे उघडून बघते तर हे मास्क लावून टक्क जागे, माझ्याकडे बघतायत. आणि आवाज बंद. मी बघितलं की थांबतात, असे लबाड.

पहिलीच रात्र आहे. मशीनला घराची सवय व्हायला हवी.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

रोज तेच. मी झोपले की ह्यांचं सुरू, मी जागी झाले की बंद. शिवणवालीने आज जिन्यात गाठलं. म्हणाली, आजी, पैसे वाया गेले बहुतेक, काल तर भिंतीवरचा आरसा हलला. मग विचारते, टेस्ट नीट झाली होती ना.

आता टेस्टचं काय सांगायचं तिला. टेस्ट उत्तम झाली. दवाखान्यातून एक डबा दिला होता, त्याच्या वायरी छातीला बांधून, बोटाला चिमटा लावून, नाकाखाली नळी घालून रात्रभर झोपायचं, सकाळी डबा परत. ह्यांनी लावलं आणि घटकाभरात काढून टाकलं. मुंग्या चढल्यासारखं वाटतं म्हणे, झोप येणार नाही. उठून बाहेरच्या खोलीत सोफ्यावर जाऊन पडले. सकाळी डबा द्यायचा, मुलाने मोठ्या ओळखीने मिळवलेला. कुणीतरी झोपायला तर हवं. मग मीच लावल्या वायरी.

आणि त्यात नवीन काय? ह्यांचे नवे बूट आधी मी चार दिवस घरात घालून सैल करते. ह्यांचं कडू औषध आधी मी जिभेला लावून बघते. एका घरात, एका पलंगावर, एका भांड्यातलं खाऊन इतकी वर्षं काढली, श्वासात असा काय फरक असणार? रिपोर्ट आला तर अगदी बरोब्बर आला, सिव्हिअर. हे बाहेरच्या खोलीत, दार लावलेलं, आणि तरी डब्याला ह्यांचं घोरणं ऐकू गेलं. म्हणजे केवढा आवाज असेल त्याचा विचार करावा.

शिवणवालीला म्हटलं, टेस्ट एकदम पास.

११ नोव्हेंबर, सोमवार

उपाय ठरवले. मशीनच्या भरवशावर बसून चालणार नाही, मशीनला आपणही हात द्यायला हवा.

पाठीवर झोपलं की घोरणं वाढतं, म्हणून ह्यांच्या बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात चेंडू घातला. शिवणवालीनेच शिवून दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणाली हा माझाही फायदा आहे. रात्रीचं जेवण बंद, फक्त सूप. संध्याकाळचा चहा बंद. मास्कचा पट्टा दोन घरं घट्ट.

हे सगळ्याला तयार. सूप प्यायले, चेंडू पाठीला लावून घेतला आणि कुशीवर वळून माझ्याकडे तोंड करून पडले. ह्या माणसाचा हा एक गुण आहे. बसमध्ये कंडक्टर म्हणून जन्म गेला, हजार लोकांचं हजार तऱ्हेचं ऐकून घेतलं, घरी आल्यावर माझं एकटीचं ऐकायला काय जड जाणार.

मी मात्र दोन वेळा नीट जेवते. मशीन सांभाळणाऱ्याला ताकद नको का.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नवीनच सुरू झालंय. रात्री मला टोचतात.

खांद्यावर, दोन बोटांनी. शेवटचा स्टॉप आला आणि एखादा झोपून राहिला असला की हे त्याला असंच उठवायचे, पहिलं बोट आणि मधलं बोट जोडून, खांद्याच्या हाडावर, हळू पण नेमकं. तसंच मला. एकदा नाही, रात्रभर. मी दचकून उठते, मोठा श्वास घेते, म्हणते, काय झालं. हे म्हणतात, काही नाही, झोप. डोळा लागला की पुन्हा टक टक. सकाळी मी म्हटलं, अहो, मी काय तुमच्या बसमध्ये बसलेय? माझा स्टॉप आला का?

तर म्हणतात कसे, आला नाही, म्हणूनच उठवतोय.

काही अर्थ आहे ह्या बोलण्याला? मशीनवाल्याने सांगितलं होतंच, डोक्यावर परिणाम.

२० नोव्हेंबर, बुधवार

झोपेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तिथे खुर्च्या फार छान, मऊ. मी जरा डोळे मिटून विचार करत बसले, तर समोरची बाई म्हणाली, आजी तुमची पर्स पडली, उठा. लोक विचारही करू देत नाहीत.

मशीनमधलं कार्ड काढून डॉक्टरांनी कॉम्प्युटरला लावलं. म्हणाले, कमाल आहे, एकदाही श्वास थांबलेला नाही, इतका सुंदर रेकॉर्ड मी बघितलेला नाही. मी म्हटलं, डॉक्टर, कार्ड काय सांगतं ते सांगो, घोरणं तसंच आहे, शेजारीण साक्षीला आणू का. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ह्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, झोप होते का?

मी सांगितलं, नाही होत, मलाही झोपू देत नाहीत. इतक्या वर्षांत डॉक्टरांनी ह्यांना प्रश्न विचारला आणि उत्तर मी दिलं नाही असं झालेलं नाही. ह्यांना गडबडायला होतं. आज मात्र हे मध्येच म्हणाले, डॉक्टर, ते टेस्टचं. मी म्हटलं, हो, टेस्टचे पैसे मुलाने भरले, ते झालं. डॉक्टरांच्या दाराबाहेर रांग लागलेली, कुठे आता वायरींची गोष्ट सांगत बसायची. उगाच डबा परत लावा म्हणतील आणि ह्यांना पुन्हा मुंग्या येतील.

डॉक्टरांनी मशीनची हवा वाढवली.

घरी येताना हे रस्त्यात थांबले. म्हणाले, अगं, तू एक रात्र लावून बघशील का ते? मी म्हटलं, मी कशाला लावू, मी आजारी आहे का? तर म्हणाले, माझे बूट घालतेस तसंच. गंमत म्हणून. मी म्हटलं, नाकातोंडाला लावायच्या वस्तूची गंमत नसते, आणि तुमचा मास्क मला सैल होईल.



२६ नोव्हेंबर, मंगळवार

वाढवलेली हवा ह्यांच्या पोटात जाते. दिवसभर ढेकर. सूप आणि हवा ह्यावर माणूस किती दिवस काढणार, गालफडं बसलीत, त्यावर पट्ट्याचे दोन लाल वळ. पण औषध कडू असतं. मी हार मानणार नाही.

माझी तब्येत छान आहे. सकाळी डोकं दगडासारखं होतं तेवढंच, आणि पावलं सुजतात, ते ह्यांच्या टोचण्यामुळे. रात्रभर खांदा टोचला तर सूज कुठेतरी उतरणारच. आज दूध गॅसवर ठेवून उभी होते. उभी राहून जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा हे मला मागून दोन्ही हातांनी धरून उभे, भांडं काळंठिक्कर, घरभर धूर, आणि शिवणवाली दार वाजवत्येय. ह्यांच्या हाताला चटका बसला. मी म्हटलं, अहो, आवाज तरी द्यायचा. म्हणाले, किती आवाज दिले.

माझ्या मते मशीनच्या घरघरीने ह्यांचा आवाज बसलाय. हळू बोलतात, मला ऐकू येत नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

चिमणी येत्येय, चिमणी येत्येय. मुलाचा फोन आला, शनिवारी येतो, सगळे. ह्यांच्या तब्येतीचं बघायला म्हणून, पण मला माहीत आहे, चिमणीनेच हट्ट धरला असणार. आता सात पूर्ण होतील तिला. मागच्या खेपेला तिने माझी ओढणी घेऊन, कमरेवर हात ठेवून, जिन्यावरून शिवणवालीची नक्कल केली होती, टाचण्यांसकट, म्हणजे टाचण्यांच्या जागी दोन काड्या. शिवणवाली स्वतः हसून खाली बसली.

ठरवलं:
गादीवर नवी चादर.
चिमणी माझ्याजवळ झोपणार, हे पलीकडे, मध्ये उशांची भिंत.
शनिवारच्या आत ह्यांचं घोरणं बंद झालंच पाहिजे. पोरीच्या कानावर तो आवाज नको.

ह्यांना बजावलं. मान डोलावली. डोळ्यांखाली केवढी काळी वर्तुळं. दिवसा खुर्चीत बसून झोपतात, तेव्हा जरासुद्धा आवाज नाही, बाळासारखे. म्हणजे बघा, मनात आणलं तर जमतं. रात्रीच मुद्दाम करतात.

७ डिसेंबर, शनिवार, रात्री झोपण्याआधी

आली माझी चिमणी. आधी तीच जिना चढून, मागून मुलगा, मग सूनबाई पिशव्या घेऊन. पुढचा दात पडलाय. काय बोलते, काय बोलते. तिच्या बाईंच्या कुत्र्याला जुलाब झाले ते सुद्धा सांगून झालं. मला इतकं बरं वाटलं की डोकं दुखायचं थांबलं.

 सूनबाई मला स्वयंपाकघरात म्हणाली, आई, बाबा फारच खंगलेत. मी म्हटलं, खंगले नाहीत, हलके झालेत, डॉक्टरांनीच वजन उतरवा म्हटलं होतं.

शिवणवाली येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, मशीनने काही फरक नाही हो, उलट आता मध्येमध्ये एकदम थांबतं, आणि त्या वेळी मलाच श्वास कोंडल्यासारखं होतं, मग घर्र करून सुरू. मुलाने ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे.

चिमणी शेजारी पडलीय. गोष्ट सांग म्हणते. सांगते आणि लिहायचं थांबवते.

८ डिसेंबर, रविवार, सकाळ

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

रात्री मी झोपलेली आणि माझ्या तोंडावर काहीतरी येऊन बसलं. गार, रबरी, आणि त्यातून वारा. मी हात मारला, ओरडले, पाय झाडले. दिवा लागला. मुलगा दारात उभा. आणि काय बघतो, तर हे माझ्यावर वाकलेले, स्वतःचा मास्क काढून माझ्या नाकातोंडावर दाबून धरलेला, एका हाताने माझं डोकं धरलेलं. चिमणी पलंगावर उठून बसलेली.

मुलाने ह्यांना मागे ओढलं. बाबा, काय करताय हे. ह्यांना दम लागला होता. म्हणाले, "तिला हवंय ते मशीन. श्वास थांबला होता तिचा. टोचलं तरी उठेना."

तेवढ्यात चिमणी म्हणाली, "हो, आजी थांबते. आधी असं करते," आणि घशातून तो आवाज काढून दाखवला, अगदी हुबेहूब, पोरगी नक्कल करते ती अशी, "आणि मग थांबते. मग आजोबा टकटक करतात." सूनबाईने तिला उचललं आणि बाहेर घेऊन गेली. बिचारी पोर, झोपेतून उठलेली, कोण आजी, कोण आजोबा, अंधारात काय कळतंय.

हे खाली बसले. मग मुलाला म्हणाले, टेस्टच्या वायरी हिने लावल्या होत्या. तो रिपोर्ट हिचा आहे. मी त्या रात्री बाहेर झोपलो होतो. मला वाटलं एका रात्रीने काय होतंय. नंतर ऐकायला लागलो.

मुलाने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा लहानपणी हरवला होता तेव्हासारखा झालेला. विचारलं, "आई, टेस्ट बाबांचीच झाली होती ना?"

आता मी काय सांगायचं? रात्रीची वेळ, सगळे घाबरलेले, पोर बाहेर रडत्येय. वायरींची गोष्ट एवढी लांब, ती बूट सैल करण्यापासून सांगायला हवी, तरच कळते. आणि टेस्ट ह्यांचीच होती. नाव ह्यांचं, सही ह्यांची, नंबर ह्यांचा. मी म्हटलं, "हो रे. त्यांची नाही तर कुणाची? हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही."

खोटं एक अक्षर बोलले नाही.

हे माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मशीन उचलून त्याची नळी नीट गुंडाळून जागेवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

८ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ

गेले सगळे.

असं ठरलं. ह्यांना मुलगा आपल्याकडे घेऊन गेला. तिथे डोक्याचे मोठे डॉक्टर आहेत, शुक्रवारी दाखवायचं. मशीनवाल्याला फोन केला, तोही म्हणाला, हा आजार डोक्यावर जातो, संशय घेणं, भास होणं, असं असतं काही जणांत. सूनबाई म्हणाली, आई, तुम्ही पण चला. मी म्हटलं, मी आले तर ते पुन्हा माझ्याजवळच झोपायचा हट्ट धरतील, मग परत तेच. चार दिवस मला एकटीला निवांत झोपू दे. तिला पटलं. माझ्या डोळ्यांखालचं बघितलं तिने.

मशीन बरोबर दिलं. स्वतः टाकी रिकामी करून, नळी पुसून, पिशवीत घातलं. हे पिशवीला हात लावू देत नव्हते. ठेव इथे, ठेव इथे, एवढंच. मुलगा म्हणाला, बाबा, ते तुमचंच आहे. शेवटी मीच पिशवी गाडीत ठेवली. पाठीच्या चेंडूचं बनियन पण दिलं, विसरले असते.

जाताना ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सगळ्यांसमोर काय हे. तर दोन बोटांनी टक टक केलं, आणि गेले.

चिमणी काचेतून हात हलवत होती. पुढच्या रविवारी परत येतो म्हणालेत, सगळे, ह्यांना घेऊनच.

आज खांद्याला बोट लागणार नाही. कधीपासून वाट बघत होते अशा झोपेची.

९ डिसेंबर, सोमवार

झोपले. कुणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. डोकं मात्र असं की उशीवरून उचलेना, तोंड कोरडं, छातीत धडधड, जणू रात्रभर जिने चढले. अती झोपेचं होतं असं.

मुलाचा फोन. आनंदाची बातमी: हे तिथे अजिबात घोरले नाहीत. एकदासुद्धा नाही. मशीन लागू पडलं. मी म्हटलं, बघ, मी म्हणत होते, धीर धरायला हवा, चेंडूने पण काम केलं. तो म्हणाला, पण झोपले नाहीत, आई. रात्रभर जागे. आणि सूनबाईने पाहिलं, अंधारात पडल्या पडल्या गादीवर दोन बोटं आपटत होते. थोडं थांबायचं, ऐकायचं, आणि पुन्हा.

कंडक्टर माणूस. सवय कुठे जाते.

११ डिसेंबर, बुधवार

शिवणवाली आली. टाचण्या नाहीत, मोजपट्टी नाही, नुसतीच. बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग विचारते, आजी, आजोबा मुलाकडे गेले ना? मी म्हटलं, रविवारीच. म्हणाली, मग रात्री कोण घोरतं?

मी हसले. म्हटलं, अगं, इतक्या वर्षांचा आवाज आहे तो, भिंतीत मुरलाय. नवा रंग दिला तरी जुना डाग वर येतो की नाही, तसं. जाईल हळूहळू.

ती हसली नाही. म्हणाली, जातोय खरा. काल मध्येच इतका वेळ बंद होता की मला वाटलं, सुटलो. मी उठून बसले वाट बघत. तुमच्या भिंतीवर हात पण आपटला. मग मोठ्ठा सुरू झाला.

मी म्हटलं, बघ, कमी होतंय म्हणजे.

ती म्हणाली, रात्री माझ्याकडे येऊन झोपता का? मी म्हटलं, माझं घर असताना? आणि तुझ्याकडे कापडांच्या चिंध्या, मला शिंका येतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

खांद्याचं दुखणं गेलं. तिथला काळानिळा डाग पण पिवळा पडला. मघाशी आरशासमोर उभी राहून त्यावर माझीच दोन बोटं लावून बघितली. काही विशेष नाही. बघावंसं वाटलं.

दुपारी पेरू कापताना डोळा लागला, सुरी हातात. संध्याकाळी उठले. दिवा लावायला गेले तर पाय जमिनीवर टेकले ते गार आणि फुगलेले, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असे. जेवले नाही. एकटीसाठी काय मांडायचं.

ह्यांचा फोन आला. स्वतः केला, चिमणीकडून नंबर लावून घेतला म्हणे, कुणाला न सांगता. हळू बोलत होते. म्हणाले, "खुर्चीत बसून झोप. पाठीवर पडू नकोस. रविवारपर्यंत एवढं कर." मी म्हटलं, अहो, तुम्ही स्वतःचं बघा, उद्या डॉक्टर आहेत, त्यांना नीट उत्तरं द्या, मी नाहीये बरोबर.  मशीनसारखा नुसता वारा ऐकू येत होता. मग म्हणाले, त्या रात्री मी वायरी काढायला नको होत्या.

मी म्हटलं, जुनं काय उकरता. रिपोर्ट तर चांगला आला.

खुर्ची पलंगाजवळ आणून ठेवलीय. त्यांचं मन राहावं म्हणून. पण खुर्चीत मान अवघडते, आणि सगळा पलंग रिकामा पडलाय, कधी नव्हे तो. आडवी होते. थोडा वेळच.

१५ डिसेंबर, रविवार

आडवं व्हायच्या आधी हे पान आज गुरुवारीच लिहून ठेवते. त्या दिवशी चिमणी हातात पेन राहू देणार नाही, आणि दिवस नोंदवायचा राहायला नको.

कबूल केल्याप्रमाणे सगळे आले. घरात अगदी शांत होतं. सगळ्यांत आधी जिना चढून आली ती चिमणी.